पायावरचं पाणी आणि लशीचे पंधरा दिवस

लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालणं ही एक विद्या आहे आणि ती मला येते. स्वतःच्या तोंडानं सांगते म्हणून कोणी हसू नये, आमच्या गावात येऊन विचारावं. अकोटच्या रस्त्याला आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला, विहिरींच्या बाजूला, आम्हा फुलं-भाजीवाल्यांची दहा-बारा घरं. त्या घरांतली निम्मी लेकरं माझ्या पायाच्या या दोन नळ्यांवर पाणी घेऊन वाढली. त्यातल्या कितीकांना आता मिशा आल्या, एक जण तर ग्रामपंचायतीत निवडून आला. पण मी समोरून येताना दिसले की तो खाली मान घालून जातो. माझ्या पायावर त्यानं काय काय केलं ते मला अजून आठवतं, आणि मी ते कुठंही सांगू शकते, हे त्याला पक्कं माहीत आहे.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की, माझ्या स्वतःच्या लेकीचं लेकरू आलं तेव्हा मला त्याला हात लावता आला नाही. चांगले दोन आठवडे. तोंडाला पट्टी बांधून, खोलीच्या दारात खुर्ची टाकून मी बसून राहिले, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या लेकराला न्हाऊ घातलं दुसऱ्यानंच. कोणी घातलं ते पुढं येईल. चूक माझीच होती. पण ती कशी झाली ते ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, बाईनं मोजलं होतं बरोबर.

लेक अमरावतीला असते, कॉलेजात शिकवते. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. त्या सात वर्षांत मी किती देवींच्या ओट्या भरल्या ते त्या देवींनाच ठाऊक. पहिलं बाळंतपण माहेरी ही आमच्याकडची रीत, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवास करू नका म्हणून सांगितलं. म्हणजे माहेरानंच उठून अमरावतीला जायचं ठरलं. माझी तयारी श्रावणापासून सुरू. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली, डिंक आणून ठेवला, आणि रोज संध्याकाळी मी ओट्यावर पाय लांब करून बसायची, नळ्या सरळ राहतात का ते पाहायला. गुडघे दुखतात हे मी लेकीला कळू दिलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. मला वाटलं, काय खावंसं वाटतं ते सांगायला केला असेल. तर ती म्हणाली, "माय, लाडू नाही आणले तरी चालते. पण फ्लूची लस घेऊन पंधरा दिवस झाल्याबिगर माह्या लेकराले कोणी हात लावाचा नाही. कोणीच म्हणजे कोणीच."

मी विचारलं, लस लेकरांना असते, बुढ्या बाईला काहून? मग तिनं मला वर्गात शिकवतात तसं शिकवलं. ही लस सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला देता येत नाही. म्हणून त्याच्या भोवतीच्या माणसांनी घ्यायची, म्हणजे त्यांच्याकडून आजार लेकरापर्यंत जात नाही. तिनं स्वतः सातव्या महिन्यात घेतली होती. त्यातलं थोडं बळ पोटातल्या लेकराला मिळतं म्हणे. जवाईबुवांनीही तिच्याबरोबरच घेतली होती. आता राहिलो आम्ही. मोठ्या माणसाला एकच सुई. पण माझ्या मुलाची मुलगी, सहा वर्षांची, तिनं ही लस आधी कधी घेतलेली नव्हती, म्हणून तिला पहिल्या वर्षी दोन लागणार, दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर ठेवून. "तिची पहिली याच आठवड्यात करा, मंग दुसरी वेळेवर होते," असं सांगून लेकीनं फोन ठेवला. लाडवाचं पुन्हा नाव काढलं नाही.

सूनबाई तशी कामाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच पोरीला अकोल्याला नेऊन सुई देऊन आणली. पहिल्या सुईला पोरगी शांत बसली, कारण तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या सुईला माहीत होतं. त्या वेळी आमचे हे तिला घेऊन गेले होते. पोरीनं दवाखान्याच्या दाराचा कडीकोयंडा दोन्ही हातांनी धरला आणि अट घातली की आधी आबा घेतील. ह्यांनी शर्टाची बाही वर केली. झालं. ह्यांची लस अशी झाली, नातीच्या हट्टापायी, काही न ठरवता. आणि झाली ती पितृपक्षात.

मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं पितृपक्षात साधी नवी केरसुणी कोणी आणत नाही, आणि ह्यांनी अंगात नवीन औषध घेतलं. मी बोलले तसं भाकरीचा तुकडा मोडत हे म्हणाले, "पितरायनंच सांगतलं मले. म्हणे, आमच्याकडं याची एवढी घाई नोको करू."

माझी लस राहिली होती. का राहिली ते आता सांगते.

आम्ही झेंडूवाले. झेंडूवाल्याच्या घरात दिवस उलटे मोजतात. दसऱ्याला फूल तोडायचं असेल तर दसऱ्यापासून मागं मोजत यायचं. रोप कधी टाकायचं, लावणी कधी, शेंडा कधी खुडायचा. शेंडा आठ दिवस उशिरा खुडला की फूलही उशिरा येतं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फुललेल्या झेंडूला गाईसुद्धा विचारत नाहीत. चाळीस वर्षं मी हे मोजत आले. घरात कॅलेंडरवर खुणा माझ्याच असतात. तर मी लशीचंही तसंच उलटं मोजलं. लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाची तारीख दिली होती भाऊबीजेनंतर दोन दिवसांची. पितृपक्षात सुई घ्यायची नाही, ते तर झालंच. नवरात्रात माझे नऊ दिवस उपास आणि अनवाणी चालणं. त्यात सुई घेऊन ताप आला तर उपास मोडायचा. दसऱ्याच्या आधीचे दिवस तोडणीचे, तेव्हा आमच्याकडं मेलेल्या माणसालाही उठवून हार ओवायला बसवतील. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुई. तिथून पंधरा दिवस मोजले तर दिवाळीच्या आधीच मी मोकळी, आणि वरून आठ दिवस शिल्लक.

हे मधूनमधून टोकत होते. एकदा म्हणाले, लस घ्याची हाये का लगन लावाचं हाये, एवढे मुहूर्त पाहून राहिली. मी कॅलेंडर दाखवलं. कॅलेंडरपुढं ह्यांचं काही चालत नाही.

दसरा झाला. दुसरा दिवस अंग दुखण्यात गेला. तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले. जुन्या शहरात उरलेली फुलं दिली, मोर्णा नदीचा पूल ओलांडला आणि दवाखान्यात जाऊन बाही वर करून बसले. तर तिथल्या बाईनं सांगितलं, लस संपली, परवा येईल. मी तिला म्हटलं, बाई, मी मोजून आली हाये. ती म्हणाली, आजी, फ्रीजला काय माहीत तुम्ही मोजून आल्या ते.

परवा म्हणजे कोजागिरीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेले आणि सुई घेतली. तिथल्या डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. त्यांनी मला विचारलं, इतका उशीर का केला. खरं तर पावसाळा लागायच्या आधीच घ्यायची, पावसात आणि पुन्हा थंडीत हा ताप पसरतो. तेव्हा राहिली तर निदान थंडीच्या आधी. आणि दरवर्षी घ्यावी लागते, कारण हा आजार दरसाल थोडं रूप बदलून येतो. मी म्हटलं, हे मला सांगू नका, अळीचं असंच असतं, मागच्या सालच्या औषधाला ती यंदा हसते. बाई हसल्या. मग मी विचारलं की लेकराला उद्याच घेतलं तर काय होतं. त्या म्हणाल्या, "आजी, आज टोचली म्हणजे आजच लागू पडली असं नसतं. अंगाला बळ तयार करायला दोन आठवडे लागतात." त्यांनी हेही सांगितलं की ही साध्या पडशाची लस नाही. पडसं होऊ शकतं, शिंका येऊ शकतात. लस घेतली तरी आजारी माणसानं तान्ह्या लेकराजवळ जायचं नाही ते नाहीच.

घरी आल्यावर नातीनं विचारलं की माझं बळ कधी तयार होणार. मी सांगितलं, केळीचा घड कसा कच्चा उतरवतो आणि मग पिकत घालतो, तसंच. आत्ता कच्ची आहे, पंधरा दिवसांनी पिकेल. तिला ते इतकं पटलं की मला पुढं फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी. दुपारचे चार वाजले होते. दंड दुखत होता आणि मी आटवायचं दूध गाळत होते. जवाईबुवांचा फोन आला. मुलगी झाली. पोट उघडून काढावी लागली, पण दोघी चांगल्या आहेत.

मी दुधाचं पातेलं खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. नंतर चप्पल शोधायला लागले. एका पायात चप्पल घातल्यावर मला आठवलं की माझ्या लशीला एकच दिवस झाला. झेंडू आम्ही नेहमी दोन टप्प्यांत लावतो. एक हुकला तर दुसरा हाताशी असतो. लेकराला दोन टप्पे नसतात एवढं मला सुचलं नाही. झेंडूची वेळ आपण ठरवतो, लेकराची लेकरू ठरवतं.

तेवढ्यात लेकीनंच फोन घेतला. आवाज बारीक होता, पण मोजणी पक्की होती. माझ्यावर गेली आहे. म्हणाली, माय, तू ये, मले तू पाहिजे. पण तुही लस कालची हाये. संग बाबाले घेऊन ये. त्यायची पिकली हाये. नातीनं मधल्या काळात तिला फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं.

आम्ही दोघं एसटीनं निघालो. अकोला, मूर्तिजापूर, अमरावती. माझ्या मांडीवर लाडवांचा डबा, पायाशी दुपट्यांचं गाठोडं. ह्यांच्याजवळ काही नव्हतं. हे सगळा रस्ता स्वतःच्या हातांकडं पाहत होते. मला माहीत होतं का. आम्हाला दोन लेकरं झाली, पण ह्यांनी एकालाही सहा महिन्यांच्या आत उचललं नाही. तेव्हा बापानं चारचौघांत लेकरू उचललं की ओट्यावरचे म्हातारे खाकरायचे. हे पाळण्याजवळ उभे राहायचे, हात मागं बांधून, दुसऱ्याच्या वावराकडं मधल्या धुऱ्यावरून पाहतात तसे.

चौथ्या दिवशी लेक लेकरू घेऊन दवाखान्यातून घरी आली, तेव्हा मला नियम सांगण्यात आले. स्वयंपाक माझा. लेकीचं खाणंपिणं माझं. तोंडाला पट्टी, हात घडीघडी साबणानं धुवायचे. लेकराच्या खोलीच्या दारापर्यंत यायचं, आत नाही. दारात एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. शाळेत उशिरा आलेल्या पोराला उभं करतात, मला बसवलं, एवढाच मान.

लेकरू पाहिलं मी. दारातून. कपाळ माझ्या सासूसारखं होतं, पण बाळंतिणीला असं काही सांगत नसतात.

पहिले दोन दिवस मी नीट राहिले. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी लेकीला म्हटलं, तुम्हाला मी वाढवलं ते काय लशीनं वाढवलं? गावातली एवढी लेकरं माझ्या पायावर गेली, एकाला तरी काही झालं का? आणखीही बोलले. माझा आवाज चढला तसं लेकरू दचकलं. लेक काही रागावली नाही. तिनं लेकराला थोपटलं आणि हळू म्हणाली, "मले सात वर्सं लागले, माय. तुले पंधराच दिवस लागून राहिले."

मी आत जाऊन कणीक तिंबली. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या होत्या.

लेकराची नाळ पडेपर्यंत ओल्या फडक्यानं अंग पुसायचं होतं, ते जवाईबुवा करायचे. आठव्या दिवशी नाळ पडली. आता न्हाऊ घालायचं. लेकीला टाक्यांमुळं वाकता येत नव्हतं. जवाईबुवांची रजा संपली होती. मालिश करणारी बाई सगळ्या वस्तीत फिरते, म्हणून लेकीनं तिला आधीच नको म्हटलेलं. मग लेकीनं बापाकडं पाहिलं.

हे म्हणाले, "म्या बैल धुतले हायेत. मोटर धुतली. लेकरू नाही धुतलं कधी."

लेक म्हणाली, माय दारातून सांगते, तुमी करा.

तर असं झालं ते. सत्तरीला आलेला माणूस न्हाणीघरात पाटावर बसला. पायजमा गुडघ्यांवर गोळा केला. पाय लांब केले. ते पाय म्हणजे तुरीच्या वाळक्या तुराट्या, आणि त्यावर केस. न्हाणीघर खोलीला लागूनच, तेव्हा मी खुर्ची सरकवून नेम धरून बसले. लेक पलंगावरून पाहत होती. मी पट्टीतून ओरडत होते आणि ह्यांना अर्धं ऐकू येत नव्हतं. मी सांगितलं, पाण्यात कोपर बुडवून पाहा, हाताला तुमच्या काही कळणार नाही, त्या हाताला उकळतं पाणीही कोमट लागतं. ह्यांनी कोपर बुडवलं. म्हणाले, लागलं तर चटका लागल्यासारखं वाटते, नाही तर नाही. मी म्हटलं, म्हणजे लागलं का नाही लागलं? असं पाणी तीनदा बदललं. तोवर लेकरू भुकेलं आणि दूध पाजायला परत गेलं. पहिल्या दिवशी न्हाणं झालंच नाही. फक्त ह्यांचे दोन्ही पाय स्वच्छ झाले.

दुसऱ्या दिवशी लेकीनं लेकरू ह्यांच्या हातात दिलं. मी सांगायला तोंड उघडलं की मान धरा, मानेखाली हात. सांगायची वेळच आली नाही. ह्यांनी लेकरू घेतलं ते खालून, सगळी बोटं पसरून, पंजाच्या खोबणीत. मी ते हात ओळखले. झेंडूचं रोप वाफ्यातून काढताना मातीच्या गड्ड्यासकट असंच उचलतात. गड्डा फुटला तर मुळं उघडी पडतात, रोप दगावतं. आयुष्यभर हे हजारो रोपं असे उचलत आले, आणि मी बाजूला बसून पाहत आले. लेकरू उचलायचं ते इतकंच असतं, हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

ह्यांनी लेकरू पायावर पालथं घातलं आणि तांब्यानं धार सोडली. लेकरू रडलं नाही. मी म्हटलं, डोक्यावर पाणी शेवटी, आणि कानात तेल घालायचं नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. हे म्हणाले, पाणी बुडाशी घालाचं, शेंड्यावर नाही, मले काय शिकवतं. लेकरू डोळे मिटून पडून राहिलं, उन्हात मांजर पडतं तसं. लेक हसत होती, आणि हसताना टाके दुखतात म्हणून पोट धरत होती.

खरं सांगते, मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी वाजवली. गावातली निम्मी लेकरं ज्या बाईच्या पायावर वाढली तिनं खुर्चीत बसायचं, आणि ज्यानं स्वतःच्या लेकरांच्या अंगावर तांब्याभर पाणी घातलं नाही तो पाटावर. आणि वरून चांगलं करायचं. वाईट केलं असतं तर मला सोसलं असतं.

रोज संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल यायचा. लेकरू दाखवून झालं की ती मला बोलवायची आणि विचारायची, "आजी, तुही पिकली का?" मी म्हणायची, नाही. ती म्हणायची, माह्या दोन झाल्या, दोन्ही पिकल्या. शेजारी कोणी बसलेलं असलं तर त्यांना वाटायचं सीताफळांचं चाललं आहे.

दिवाळीची सुटी लागली तशी मुलानं नातीला अमरावतीला आणून सोडलं. पोरगी आली, हात धुतले, पलंगावर मांडी घालून बसली आणि लेकरू मांडीवर घेतलं. दोन मिनिटांत. मी खुर्चीतून पाहत होते. माझे तेव्हा तेरा दिवस झाले होते. तिनं बोटांवर मोजून मला सांगितलं की अजून दोन बोटं आहेत.

धनत्रयोदशीला मी चिवड्याची तयारी करत होते. एकच दिवस राहिला होता, म्हणून हात हलका चालत होता. तेलात हिरव्या मिरच्या टाकल्या. मिरच्या गावाकडच्या, ठसकेदार. पट्टी मी स्वयंपाकघरात जरा खाली केली होती. मला शिंक आली. मी ती दाबली. दाबलेली शिंक दुप्पट होऊन परत येते. तीन शिंका आल्या, एकाहून एक मोठ्या, आणि आतून नातीचा आवाज आला, "आत्या, आजीले सर्दी झाली."

मी जागच्या जागी गार. सर्दी झाली म्हणजे बरी होईपर्यंत आणखी खुर्ची. दिवाळी गेली, आणि भाऊबीजसुद्धा जाईल. लेक स्वतः थर्मामीटर घेऊन पोट धरत धरत स्वयंपाकघराच्या दाराशी आली. मी सांगितलं, मिरची आहे, सर्दी नाही. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात माय. काख वर कर. मी काख वर केली. गॅसवर मिरच्या करपत होत्या, मला तिकडं वळता येईना. तेवढ्यात लेकीचं नाक हललं. तिनं डोळे मिटले आणि शिंकली. मागून जवाईबुवा काय झालं म्हणून आले आणि दारातच शिंकले. त्यांच्या पायांमधून डोकं घालून नात आली, ती पाच वेळा शिंकली. मी एका हातानं काखेत थर्मामीटर धरून दुसऱ्या हातानं गॅस बंद केला. ताप नव्हता.

आतल्या खोलीत हे लेकरू घेऊन बसले होते, दार लावून. तिथून विचारलं, आमी दोघंच धड राह्यलो काय बा?

मिरच्या फेकल्या. चिवडा बिनमिरचीचा झाला आणि सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला. संध्याकाळी लेकीनं नवीन वर्षाचं कॅलेंडर काढलं आणि पेन्सिल माझ्यापुढं केली. लेकराला चैत्रात सहा महिने पुरे होतात. मग त्याची स्वतःची पहिली लस, चार आठवड्यांनी वैशाखात दुसरी, म्हणजे मृगाच्या आत लेकरू मोकळं. त्याच दिवसांत आम्हा सगळ्यांचीही नव्या सालची लस पुन्हा करून घ्यायची का ते डॉक्टरीणबाईंना विचारायचं. मी खुणा केल्या. या वेळी उलटं मोजलं नाही, सरळ मोजलं, आणि जिथं जिथं एक दिवस लागेल तिथं आठ धरले.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. दिवाळीची पहिली आंघोळ. पहाटेच्या गारव्यात तान्ह्या लेकराला नको म्हणून उजाडून ऊन खिडकीत आल्यावर न्हाणं ठरलं. नातीनं दोन्ही हातांची बोटं मोजली, हात संपले म्हणून एका पायाचीही मोजली, आणि जाहीर केलं की आजी पिकली. मी तोंडाची पट्टी काढली. हात कोपरापर्यंत धुतले. लेक पलंगावरून उतरली, लेकरू घेतलं आणि माझ्या हातात स्वतः ठेवलं. लेकराचं वजन एवढंसं असतं, पण हात खाली जातात.

मी पाटावर बसले. पाय लांब केले. गुडघा करकर वाजला, तो कोणाला ऐकू गेला नाही असं मी धरून चालले. पाण्यात कोपर बुडवलं. लेकरू पायावर घेतलं आणि पहिली धार सोडली.

लेकरानं असा सूर काढला की खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात आल्या. मी पाणी बदललं, कूस बदलली, माझं ठेवणीतलं गाणं म्हटलं. या गाण्यावर ग्रामपंचायत शांत झालेली आहे. लेकरू लाल झालं होतं. त्याला त्या तुराट्यांची सवय झाली होती, आणि माझ्या पायांना ते ओळखत नव्हतं.

मी वर पाहिलं. दारात माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीत हे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मग म्हणाले, "पाय जरासे जवळ घे. तिले मधात फट नाही आवडत."

चाळीस वर्षांत मी किती लेकरं न्हाऊ घातली ते माझं मलाच आठवत नाही. मला कोणी पायांतली फट शिकवली नव्हती. मी पाय जवळ घेतले.

लेकरू गप्प झालं. एक उचकी दिली, डोळे मिटले आणि गाल माझ्या नळीवर टेकला. मी हळूहळू पाणी घालत राहिले. हे खुर्चीतून पाहत होते, मी काय म्हणते याची वाट पाहत.

तोंडाला आता पट्टी नव्हती. तरी मी काही बोलले नाही.